नाक हलवलं, पण जादू झालीच नाही!

जुनी गाजलेली मालिका घ्या, नवे स्टार घ्या, सिनेमा काढा. फॉर्म्युला तर एकदम सोपा! मग निकोल किडमनसारखी हिरॉइन असूनही ‘बिविच्ड’ फसला कुठे? मला याचं उत्तर कुठल्या समीक्षकानं नाही, आईनं दिलं. मटार सोलता सोलता.

तुम्हाला नाक हलवता येतं? नुसतं फुगवणं नव्हे हं. डावीकडे-उजवीकडे, झटकन, सशासारखं! नव्वदच्या दशकात शाळेत असाल, तर आरशासमोर उभं राहून हा उद्योग तुम्ही नक्की केला असणार. सोनी टीव्हीवर तेव्हा हिंदीत डब केलेली ‘बिविच्ड’ लागायची. सोनेरी केसांची समँथा जरासं नाक हलवायची, टिंग टिंग असा आवाज यायचा आणि पसरलेलं घर क्षणात चकाचक! आमच्या वर्गात मधल्या सुट्टीत नाक हलवायची स्पर्धा चालायची. भूगोलाची वही आपोआप पूर्ण व्हावी एवढीच माफक अपेक्षा असायची. ती काही कधी झाली नाही.

बऱ्याच वर्षांनी कळलं की समँथाचं काम करणारी एलिझाबेथ माँटगोमेरी मुळात नाक हलवतच नव्हती. ती वरचा ओठ हलवायची, त्याबरोबर नाक हलायचं. म्हणजे आम्ही सगळे चुकीच्या अवयवावर मेहनत घेत होतो!

तर हीच मालिका २००५ मध्ये मोठ्या पडद्यावर आली. सोनीच्याच कोलंबिया पिक्चर्सचा सिनेमा, खर्च सुमारे साडेआठ कोटी डॉलर. दिग्दर्शिका नोरा एफ्रॉन, म्हणजे ‘स्लीपलेस इन सिअ‍ॅटल’ आणि ‘यूव्ह गॉट मेल’वाली! लेखनाला सोबत तिची बहीण डेलिया. निकोल किडमन, विल फेरेल, मायकेल केन, शर्ली मॅक्लेन... अशा टीमला नापास व्हायला कारणच नव्हतं. तरी जगभरातून गल्ला जमला जेमतेम तेरा कोटींच्या आसपास, आणि वर्षातल्या सर्वांत वाईट पडद्यावरच्या जोडीचा ‘रॅझी’ पुरस्कार किडमन-फेरेल यांच्या गळ्यात पडला.

मी तेव्हा कॉलेजात होते. मैत्रिणीच्या कम्प्युटरवर सीडी लावून आम्ही चौघींनी तो बघितला. मध्येच एक जण उठून मॅगी करायला गेली आणि कुणी सिनेमा ‘पॉज’सुद्धा केला नाही. इतकं सांगितलं की पुरे!

लग्नाच्या रात्रीचा करार

आता मूळ मालिका आठवा. अमेरिकेत एबीसी चॅनेलवर ती १७ सप्टेंबर १९६४ ला सुरू झाली आणि १९७२ पर्यंत चालली. आठ सीझन, २५४ भाग. पहिल्या वर्षी अमेरिकेत लोकप्रियतेत दुसरा नंबर!

गोष्ट एका ओळीची. डॅरिन स्टीफन्स नावाचा साधासरळ तरुण समँथाच्या प्रेमात पडतो, लग्न होतं आणि लग्नाच्या रात्री ती सांगते, ‘अरे, मी चेटकीण आहे.’ धक्का ओसरल्यावर तो म्हणतो, ठीक आहे, पण यापुढे जादू बंद. नॉर्मल बायकांसारखं राहायचं. आणि ती कबूल होते!

पुढचे २५४ भाग या एका करारावर चालतात. ती शब्द पाळायचा प्रयत्न करते, तो मोडतो, मग निस्तरते. तिची आई एंडोरा वरचेवर येऊन डोकं फिरवते. जावयाचं नाव तिला धड घेताच येत नाही, कधी डरवुड तर कधी आणखी काहीतरी. तिचं म्हणणं एकच : पृथ्वीवर कुठेही क्षणात जाऊ शकणारी माझी पोरगी या टीचभर घरात इस्त्री करत का बसली आहे? लहानपणी एंडोरा मला व्हिलन वाटायची. आता वाटतं, बाई मुद्द्याचं बोलत होत्या.

हे सगळं हवेतून आलं नव्हतं. बेटी फ्रीडनचं ‘द फेमिनिन मिस्टीक’ हे पुस्तक १९६३ चं. चांगलं घर, चांगला नवरा, मशिन, फ्रीज असूनही शिकल्यासवरलेल्या अमेरिकन गृहिणींना आतून पोखरणारी अस्वस्थता त्यात मांडली होती. पुढच्याच वर्षी टीव्हीवर अशी गृहिणी आली, जिच्याकडे अफाट शक्ती आहे आणि जी ती लपवून भांडी घासते. लोक खदखदून हसले. हसू येतं ते जिथे काहीतरी टोचत असतं तिथेच.

आयडिया वहिनींची, टाळ्या साहेबांना

ऑफिसला जाणाऱ्या मंडळींनी ही मालिका पुन्हा बघावी, असं मी मुद्दाम सुचवेन. कारण डॅरिन जाहिरात कंपनीत आहे. मॅकमॅन अँड टेट! त्याचा बॉस लॅरी टेट हा टीव्हीच्या इतिहासातला अस्सल बॉस आहे. क्लायंटनं ‘छान’ म्हटलं की लॅरीलाही कल्पना मुळापासून आवडलेली असते. क्लायंटनं तोंड वाकडं केलं की त्याला ती पहिल्यापासूनच पटलेली नसते. असा एक तरी लॅरी प्रत्येक मजल्यावर सापडतो.

आणि भागाचा शेवट हमखास असा : क्लायंट घरी जेवायला आलेला, जादूचा काहीतरी घोळ झालेला, आता सगळं उघड होणार, तेवढ्यात समँथा शांतपणे म्हणते की अहो, ही तर डॅरिनची नव्या कॅम्पेनची कल्पना आहे! क्लायंट खूश, लॅरी खूश, कॉन्ट्रॅक्ट पक्कं. आयडिया हिची, क्रेडिट त्याचं.

मालिकेतली एक गंमत तर आईला फारच आवडायची. डॅरिनचं काम करणारा डिक यॉर्क पाठीच्या जुन्या दुखण्यानं हैराण झाला होता. १९६९ मध्ये तो बाहेर पडला आणि त्याच्या जागी डिक सार्जंट आला. खुलासा नाही, अपघात नाही, प्लास्टिक सर्जरी नाही! घर तेच, सोफा तोच, बॉस तोच, सासू तीच, फक्त नवरा दुसरा. आई म्हणाली होती, “बघ, नवरा बदलला तरी संसार काही सुटत नाही.”

आई तेव्हा एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क होती. संध्याकाळी घरी आली की पर्स खुंटीला, पदर कमरेला आणि थेट ओट्यापाशी. मालिका ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहूनच बघायची. एकदा समँथा गुडघ्यावर बसून फरशी पुसत होती. आई म्हणाली, “बोट न लावता घर आवरता येतं हिला, आणि ही बया पोछा मारतेय!”

बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “नवऱ्याला शब्द दिलाय तिनं.”

आई काही बोलली नाही. आत जाऊन चहा गाळायला लागली. मी नऊ-दहा वर्षांची असेन. मला ते आठवण्याचं कारण एवढंच, की त्या दिवशी चहात साखर नव्हती.

मग सिनेमानं काय केलं?

एफ्रॉनबाईंनी सरळ रीमेक केला नाही, हे त्यांचं धाडस. त्यांच्या सिनेमात जॅक वायट (विल फेरेल) हा पडेल सिनेमांचा नट आहे. करिअर सावरायला तो टीव्हीवर येतो. मालिका कुठली, तर ‘बिविच्ड’चीच नवी आवृत्ती! त्याची अट अशी की फोकस डॅरिनवर हवा. समँथासाठी म्हणून अगदी अनोळखी मुलगी शोधायची, म्हणजे ती भाव खाऊन जाणार नाही. त्याला सापडते इझाबेल (निकोल किडमन). तिला नाक हलवता येतं. कारण ती खरीखुरी चेटकीण असते.

वाचायला भन्नाट वाटतं ना? खोट्या चेटकिणीचं काम करणारी खरी चेटकीण! काही जागा मस्त जमल्याही आहेत. मायकेल केन हे इझाबेलचे वडील. पोरीची समजूत घालायला ते सुपरमार्केटमधल्या डब्यांवरच्या चित्रात प्रकट होतात. शूटिंगच्या वेळी सगळे संवाद आपल्यालाच मिळावेत म्हणून चाललेली जॅकची धडपड बघून तर आमच्या मीटिंग्ज आठवतात. प्रेक्षकांना दाखवल्यावर पसंती मिळते ती इझाबेलला, आणि साहेबांचा चेहरा पडतो!

पण गाडी पुढे जाता जाता रुतते. मध्ये इझाबेलची मावशी जॅकवर मंत्र टाकते, तो एकदम प्रेमळ होतो आणि थोड्या वेळानं इझाबेल काळ उलटा फिरवून ते सगळं पुसूनच टाकते. म्हणजे आपण मघापासून हसलो ते घडलंच नाही! तिथून पुढे काय पणाला लागलं आहे, हेच कळेनासं होतं. ती रागावते, तो विसरतो, ती नाक हलवते, प्रश्न सुटतो. ज्याला काहीही करता येतं त्याची गोष्ट सांगणं महाकठीण. त्याला अडवणारं काहीतरी लागतं. समँथाला तिचा शब्द अडवत होता.

टीव्ही मालिकेवर विनोदी सिनेमा चालतच नाही, असं मुळीच नाही. ‘द ब्रेडी बंच’ ही १९६९ ते १९७४ मधली गोडगोड कौटुंबिक मालिका. १९९५ च्या सिनेमानं ते कुटुंब कपडे, केस आणि संस्कारांसकट जसंच्या तसं नव्वदच्या दशकात आणून ठेवलं, आणि धमाल आली. ‘२१ जंप स्ट्रीट’ ही १९८७ ते १९९१ मधली गंभीर पोलिसी मालिका. जॉनी डेपला तिनंच घराघरात पोहोचवलं. २०१२ च्या सिनेमानं तिचा सगळा गंभीरपणा फेकून दिला, पण बी जपलं : कोवळ्या दिसणाऱ्या पोलिसांना विद्यार्थी म्हणून शाळेत पाठवायचं. आणि त्यातून नवा प्रश्न काढला की पुन्हा शाळेत गेलात, तर तेव्हाचे हिरो आजही हिरो ठरतील का? पिक्चर हिट. दोन वर्षांनी दुसरा भागसुद्धा आला.

म्हणजे जुन्या मालिकेचं काहीही बदला, पण ती ज्या पेचावर उभी होती तो सोबत न्या. ‘बिविच्ड’वाल्यांनी नाक नेलं, शीर्षकगीत नेलं, शेजारच्या खोचक क्रॅविट्झबाईसुद्धा नेल्या. करार मात्र तिथेच विसरले.

पडद्यामागची माणसं

समँथाची जादू तेव्हा कम्प्युटरशिवाय चालायची. पसारा गायब करायचा असेल तर दिग्दर्शक ओरडायचा, कॅमेरा थांबायचा, नट आहे त्या पोझमध्ये पुतळ्यासारखे उभे! मग मदतनीस धावत यायचे, भराभर झाडू मारायचे, वस्तू उचलायचे, पळून जायचे आणि कॅमेरा पुन्हा सुरू. म्हणजे क्षणात आवरलेल्या त्या घरामागे आवरणारे हात होतेच, आपल्याला दिसत नव्हते इतकंच. आपल्या घरातही ‘आपोआप’ होणाऱ्या कितीतरी गोष्टींचं तेच असतं, नाही?

आणि ही मालिका नुसती खुळखुळा नव्हती. २४ डिसेंबर १९७० ला दाखवलेला ‘सिस्टर्स अ‍ॅट हार्ट’ हा भाग लॉस एंजेलिसच्या जेफरसन हायस्कूलमधल्या दहावीच्या कृष्णवर्णीय मुलांनी लिहिला होता. विषय होता वर्णद्वेष. त्याला एमी पुरस्कारांमध्ये खास सन्मान मिळाला. माँटगोमेरीचा हा सर्वांत लाडका भाग होता. ती १९९५ मध्ये गेली. दहा वर्षांनी, २००५ च्या जूनमध्ये, सिनेमा लागायच्या काही दिवस आधीच समँथाचा ब्राँझचा पुतळा सेलम गावात बसवला गेला. हो, तेच सेलम, जिथे १६९२ मध्ये चेटूक केल्याच्या आरोपाखाली माणसांना फाशी दिलं होतं. सगळ्यांना तो पुतळा रुचला नाही, यात नवल नाही.

मटार आणि मौनव्रत

गेल्या दिवाळीत माहेरी गेले होते. आई आता रिटायर्ड आहे. दुपारी दोघी मटार सोलत बसलो होतो, म्हटलं लॅपटॉपवर काहीतरी हलकंफुलकं लावू. लावला ‘बिविच्ड’.

सिनेमाच्या सुरुवातीलाच इझाबेल वडिलांना सांगते की आता मला जादू सोडायची आहे, नॉर्मल आयुष्य जगायचं आहे. आईनं शेंग हातात धरून विचारलं, “का?”

“का म्हणजे?”

“अगं, का सोडतेय? लग्न झालेलं नाही, नवरा नाही, सासू नाही. कोणी सांगितलं हिला सोडायला?”

मी म्हटलं, कोणी नाही, तिचं तिलाच वाटतं. “मग कसला आलाय त्याग?” असं म्हणून आई पुन्हा मटाराकडे वळली. झालं! वीस वर्षं मी या सिनेमाबद्दल जे शोधत होते, ते एका वाक्यात मिळालं.

थोड्या वेळानं ती आपणहून बोलली. बँकेत ऑफिसर व्हायची संधी तिला दोनदा आली होती. प्रमोशन म्हणजे बदली, हे ठरलेलं. एकदा मी तिसरीत, एकदा सातवीत. दोन्ही वेळा तिनं ‘नको’ असं लिहून दिलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. “बाबा नको म्हणाले?” मी विचारलं. “छे, नको कुठे म्हणाले! ‘तुला झेपेल का बघ,’ म्हणाले.” आणि हसली. “शब्दच तसा टाकला की उत्तर मलाच द्यावं लागेल.”

मला तो बिनसाखरेचा चहा आठवला.

खरा धक्का पुढे होता. त्याच वर्षी गणपतीत सासरी सगळे जमलो होतो. आरतीनंतर काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, “काय गं, तुमच्या कंपनीत पगार तरी बरे देतात का?” मी पटकन म्हणाले, “ह्याच्यापेक्षा थोडा कमीच.” खरं सांगायचं तर माझा पगार नवऱ्याच्या दीडपट आहे. रात्री गाडीत त्यानं विचारलं, “खोटं का बोललीस? मला काही प्रॉब्लेम नाहीये.” त्याला खरंच नाहीये. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे मी आईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला निदान विचारलं तरी होतं गं. तुला कोणी विचारलं?”

लॅपटॉपवर निकोल किडमन नॉर्मल व्हायचा प्रयत्न करत होती. कोणी न सांगता.

आणि तेव्हा वाटलं, एफ्रॉनबाईंच्या हाताला खरं तर मोठं घबाड लागलं होतं. १९६४ च्या समँथाला नवऱ्यानं सांगितलं, म्हणून तिनं शक्ती लपवली. २००५ च्या इझाबेलला सांगणारं कुणीच नाही, तरी तिला लहान, साधं, चारचौघींसारखं दिसायचं आहे. का? हाच तर आमच्या पिढीचा प्रश्न! डिग्री आहे, पॅकेज आहे, समजूतदार नवरा आहे, तरी मीटिंगमध्ये ‘मे बी मी चुकत असेन, पण...’ अशी सुरुवात आपण का करतो? सिनेमानं बरोबर प्रश्न उचलला, आणि विचारायच्या ऐवजी नाक हलवून पुढे गेला. म्हणून तो हलका नाही झाला, पोकळ झाला.

हा प्रश्न टीव्हीनंच पुन्हा उचलला, २०२१ मध्ये. ‘वांडाव्हिजन’चा दुसरा भाग बघा. कृष्णधवल घर, कार्टूनची टायटल्स, सगळा थाट थेट ‘बिविच्ड’चा. पण तिथे वांडा आपलं दुःख झाकायला ते हसरं घर स्वतः उभं करते, आणि हळूहळू आपल्याला त्याची किंमत कळायला लागते. रीमेक नाही, पण जुन्या मालिकेचा पेच त्यांना नेमका समजला होता.

सिनेमा संपला तेव्हा मटारही संपले होते. आई टोपली उचलून उठली आणि म्हणाली, “नाक मात्र छान हलवते हं मुलगी.” समीक्षा समाप्त!

नोरा एफ्रॉन २०१२ मध्ये गेली. तिचे चांगले सिनेमे मी आजही अधूनमधून बघते. हा परत बघेन असं वाटत नाही. पण याच्यामुळे आई बोलली, त्यामुळे त्याला माझ्याकडून एक स्टार जास्त.

बाकी, येत्या गणपतीत काकांनी पुन्हा विचारलं, तर आकडा सांगायचं ठरवलंय. कुणाला नाक मुरडायचं असेल, तर खुशाल मुरडू दे.